दसरा ते पाडवा: 168 दिवसांचा हिशेब

‘खाडा’ या शब्दाचा अर्थ बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराला समजावून सांगावा लागत नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती हंगामभर ऊस तोडून फेडायची असते. जोडीतलं एखादं माणूस फडात उतरलं नाही, की वहीत खाडा पडतो आणि त्याचा दंड हिशेबातून कापला जातो. मग अंगात ताप असो, पाळी असो, नाहीतर पोर आजारी असो.

टीबीच्या दवाखान्यातही हाच शब्द चालतो. ‘गोळ्यांचा खाडा पडू देऊ नका’ हे वाक्य आशाताईंपासून वैद्यकीय अधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं.

2023 सालचा दसरा 24 ऑक्टोबरला होता आणि त्यानंतरचा गुढीपाडवा 9 एप्रिल 2024 ला. मधले दिवस मोजले तर बरोबर 168 भरतात. औषधांना दाद देणाऱ्या साध्या टीबीचे डोसही 168 च असतात: पहिल्या दोन महिन्यांचे 56 आणि पुढच्या चार महिन्यांचे 112. हा निव्वळ योगायोग आहे. पण बीड, जालना, धाराशिव, अहिल्यानगर या भागांतल्या माणसाला तो फार महाग पडतो, कारण दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या गाव सोडतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. ऑक्टोबरमध्ये ज्याच्या बेडक्यात जंतू सापडले, त्याचा उपचार आणि त्याचा ऊस एकाच दिवशी सुरू होतो आणि जवळजवळ एकाच दिवशी संपतो. फरक एवढाच, की उपचाराची नोंद गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झालेली असते आणि माणूस दोन-तीनशे किलोमीटरवर कोपीत राहत असतो.

रुग्णाची नोंद होते तेव्हा नाव, वय, लिंग, व्यवसाय, पत्ता हे रकाने भरले जातात. पुढे त्यांवरून टक्केवारी निघते: पुरुषांचे उपचार जास्त तुटतात, दारू पिणाऱ्यांचे जास्त तुटतात, कामासाठी गाव सोडणाऱ्यांचे जास्त तुटतात. ही विधानं खोटी नाहीत. पण ती वाचताना असा सूर लागतो, की जणू पुरुष असणं, गरीब असणं हाच एक हलगर्जीपणा आहे. या रकान्यांकडे मी वेगळ्या नजरेनं पाहते. त्या माणसाच्या दिवसात गोळीला जागा कुठे मिळते आणि कुठे मिळत नाही, याचा तो नकाशा असतो. तो कसा वाचायचा ते सांगण्याआधी गोळ्यांचं गणित नीट समजून घ्यायला हवं, कारण सहा महिने का, याचं उत्तर त्याच गणितात आहे.

टीबीचा जंतू सावकाश वाढतो. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाच्या जंतूला त्यासाठी पाऊण ते एक दिवस लागतो. बहुतेक औषधं जंतूला वाढत असताना गाठतात. जो वाढतच नाही, नुसता दबून बसलेला आहे, तो औषधाच्या हाती सहजी लागत नाही. फुफ्फुसातल्या पोकळीत जोमाने वाढणारे जंतू असतात, आम्लधर्मी जागेत रेंगाळणारे असतात आणि मधूनच जागे होऊन पुन्हा झोपणारेही असतात. म्हणून चार औषधांची फळी लागते. आयसोनियाझिड वाढत्या जंतूंना झपाट्यानं मारतं. पायराझिनामाइड आम्लधर्मी जागेतल्यांना गाठतं. रिफाम्पिसिन त्या अधूनमधून जागे होणाऱ्यांवर टपलेलं असतं. इथॅम्ब्युटॉल बाकीच्यांची पाठराखण करतं.

पाठराखण कशासाठी? एखाद्या औषधाला न जुमानणारा जंतू लाखो-कोट्यवधी जंतूंमध्ये एखादा आपोआपच निपजतो. आयसोनियाझिडच्या बाबतीत हे प्रमाण साधारण दहा लाखांत एक आहे, रिफाम्पिसिनच्या बाबतीत त्याहून पुष्कळ विरळ. एका पोकळीत कोट्यवधी जंतू असू शकतात. एकच औषध दिलं तर त्याला न जुमानणारे तेवढे उरतात आणि पुढची सगळी पिलावळ त्यांची होते. दोन औषधांना एकाच वेळी न जुमानणारा जंतू आपोआप निपजणं मात्र फारच दुर्मिळ. म्हणून चारही औषधं एकाच गोळीत भरलेली असतात. माणसानं मनानं एक उचलायची आणि एक सोडायची, ही वाटच बंद होते. गोळ्या किती घ्यायच्या हे वजनावर ठरतं: 35 ते 49 किलोच्या माणसाला रोज तीन, 50 ते 64 किलोला चार.

पहिल्या दोन महिन्यांत जोमदार जंतूंचा बहुतांश फडशा पडतो. खोकला ओसरतो, ताप जातो, भूक लागते. पुढचे चार महिने मूठभर दबलेल्या जंतूंसाठी असतात. ते दिसत नाहीत, त्रास देत नाहीत, पण राहिले तर वर्षा-दोन वर्षांत रोग उलटतो. म्हणजे उपचाराचा मोठा भाग माणूस बरा वाटत असतानाच पार पडायचा असतो. इतकं अवघड मागणं वैद्यकशास्त्र फार थोड्या रोगांत करतं. मधले खाडे किती महाग पडतात याचाही अंदाज आहे. अनेक चाचण्यांमधल्या रुग्णांची माहिती एकत्र करून 2018 मध्ये एक मोठं विश्लेषण प्रसिद्ध झालं. दहातला एखादा डोस चुकवणाऱ्यांतही उपचार फसण्याचा धोका लक्षणीय वाढतो, असं त्यात दिसलं. 168 मधले दहा टक्के म्हणजे सतरा दिवस. सहा महिन्यांत सतरा दिवस कसे निसटतात, हे दिवाळी, एक लग्न आणि एक ताप आलेलं मूल अशी बेरीज केली की कळतं.

खाड्याचा हा प्रश्न मुळात उपचार घरी आल्यावर जन्मला. त्याआधी क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवत. मिरज, औंध अशी ठिकाणं जुन्या पिढीच्या अजून लक्षात असतील. हवापालट, अंडी-दूध, खाटेवर विश्रांती, आणि औषधं आल्यावर ती हातावर ठेवायला परिचारिका. पण खाटा हजारांत आणि रुग्ण लाखांत होते. 1956 मध्ये मद्रासला क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झालं. तिथे शहरातल्या गरीब रुग्णांचे दोन गट केले गेले. एकाला आरोग्यधामात ठेवलं, दुसऱ्याला त्याच गोळ्या देऊन घरी पाठवलं. घरी खोली कोंदट, जेवण कमी, विश्रांती नावालाच. तरीही वर्षाअखेरीस दोन्ही गटांचे निकाल जवळजवळ सारखे आले. 1959 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरची आरोग्यधामं हळूहळू ओस पडू लागली. माझ्या मते भारतात झालेल्या संशोधनातलं हे अत्यंत मोलाचं काम आहे आणि शाळेच्या पुस्तकात त्याला जागा असायला हवी. त्याच काळात तिथल्या संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसू लागली. लघवीची तपासणी केली, न कळवता घरी जाऊन गोळ्या मोजल्या, तर पुष्कळ जण त्या नेमाने घेत नव्हते. औषध घरी पोचलं, पण घरातल्या ज्या अडचणींमधून त्याला वाट काढायची होती, त्या तिथेच होत्या.

मग आली ‘समोर गोळी गिळायची’ ही पद्धत. भारतात 1997 पासून सुधारित राष्ट्रीय कार्यक्रमात ती पसरत गेली आणि 2006 पर्यंत देशभर पोचली. आठवड्यातून तीन दिवस केंद्रावर जायचं आणि कुणाच्या तरी डोळ्यांसमोर गोळ्या घ्यायच्या. तिनं लाखो जीव वाचवले, हे विसरून चालणार नाही. पण रोजंदारीवरच्या माणसाला दवाखान्याची वेळ म्हणजेच कामाची वेळ असते. 2017 मध्ये एका दिवसाआडचे डोस जाऊन रोजचे डोस आले आणि गोळ्यांची पाकिटं पुन्हा रुग्णाच्या हाती गेली.

तामिळनाडूतल्या तिरुवल्लूर जिल्ह्यात याच कार्यक्रमाखाली उपचार घेतलेल्यांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार अर्धवट सोडणाऱ्यांत पुरुष जास्त होते, दारू पिणारे जास्त होते, सुरुवातीपासून अनियमित असलेले जास्त होते आणि पूर्वी एकदा टीबीचा उपचार घेतलेलेही जास्त होते. यातली शेवटची ओळ मला फार बोलकी वाटते. एकदा ज्याचा उपचार तुटला, त्याचाच पुन्हा तुटतो. याला सवय म्हणून मोकळं होता येतं. पण पहिल्यांदा ज्या कारणानं तुटला ते कारण बहुधा जागच्या जागी असतं. ट्रकवरची नोकरी तीच, मुकादम तोच, घरात हाताशी कुणी नाही हेही तसंच. अशा माणसाला सरकारी भाषेत ‘डिफॉल्टर’ म्हणत असत, बँकेचं कर्ज बुडवणाऱ्याला म्हणतात तसं. 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं व्याख्या बदलल्या आणि तो शब्द काढून ‘पाठपुराव्यातून सुटलेला’ या अर्थाचा शब्द घातला. नव्या शब्दात पाठपुरावा कुणी करायचा होता हा प्रश्न निदान उरतो. बोलण्यात मात्र जुना शब्द अजून जात नाही.

आता दिवसांच्या क्रमानं चालत जाऊ.

पहिला पंधरवडा मळमळीचा. रिफाम्पिसिन उपाशीपोटी घेतलं तर चांगलं शोषलं जातं, म्हणून गोळ्या सकाळी घ्यायला सांगतात. ऊसतोडीची सकाळ पहाटे चारला सुरू होते. थंडीत, रिकाम्या पोटी तीन-चार मोठ्या गोळ्या आणि पाठोपाठ फडात वाकून काम. उलटी झाली की माणूस गोळ्यांनाच दोष देतो, आणि दुसऱ्या दिवशी काम चुकवता येत नाही म्हणून गोळ्या चुकवतो. लघवी लाल-केशरी होते. आधी सांगितलं नसेल तर ते रक्तच वाटतं. सांधे दुखतात, तळव्यांना मुंग्या येतात. यांपैकी बहुतेकांवर साधे इलाज आहेत: मुंग्यांसाठी ब-6 जीवनसत्त्वाची गोळी, मळमळीसाठी हलकं खाऊन मग डोस, नाहीतर डॉक्टरांना विचारून वेळ रात्रीची करणं. डोळे पिवळे झाले किंवा रंग नीट ओळखू येईनासे झाले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हे सगळं सांगायला दहा मिनिटं पुरतात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ती दहा मिनिटं मिळत नाहीत, आणि ज्याला वाचता येतं त्याला निदान छापील पत्रक मिळतं. शिक्षणाचा उपचाराशी जो संबंध येतो तो मुख्यतः इथे. बाकी शिकलेली माणसंही बरं वाटलं की गोळ्या सोडतात.

दुसरा महिना सरता सरता जी फळी कोसळते ती कमावत्या पुरुषांची. वय वीस ते पन्नास. अंगात ताकद आली, खोकला थांबला, इतके दिवस घरी बसून काढले, उधारी झाली. आता कामावर जायलाच हवं. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात. पाळी बदलली की झोपेची वेळ बदलते आणि गोळीची जागा हरवते. मालकाला टीबी कळला तर काम जाईल ही भीती असते, म्हणून पाकीट कारखान्यात नेता येत नाही. रमजानच्या महिन्यात डोस सहरीच्या वेळी नाहीतर इफ्तारनंतर कसा बसवायचा हे आधीच ठरवून दिलं तर महिना सुरळीत जातो. दिवसातून एकदाच घ्यायचं औषध असल्यानं ते जमतं. कुणी सांगितलंच नाही तर तीस दिवस बुडतात.

दारूचं प्रकरण वेगळं आणि दुःखद आहे. दारू आणि या गोळ्या, दोन्हींचा भार यकृतावर पडतो, म्हणून डॉक्टर सांगतात, गोळ्या चालू असताना पिऊ नका. ज्याची दारू सुटत नाही तो याचा अर्थ उलटा लावतो: आज प्यायलो, म्हणजे आज गोळी घ्यायची नाही. त्याच्या परीनं तो डॉक्टरांचंच ऐकत असतो. आठवड्यात चार दिवस पिणाऱ्याचे चार खाडे असे पडतात. त्याला दारू सोडायला मदत द्यावी आणि सुटेपर्यंत यकृताची तपासणी करत राहावी. पण गोळ्या थांबवायच्या की नाहीत हे त्यानं मनानं ठरवायचं नाही, एवढं त्याच्या बायकोसमोर, भावासमोर स्पष्ट बोललं पाहिजे.

पुरुषांचे उपचार जास्त तुटतात यात शरीराचा वाटा किती आणि वर सांगितलेल्या दिनक्रमाचा किती? माझ्या मते जवळजवळ सगळा दिनक्रमाचा. बायका एकूणात अधिक नेमाने औषध घेतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसतं. पण त्यांना त्याची किंमत वेगळी मोजावी लागते, ती रकान्यात येत नाही.

नव्या सुनेच्या गोळ्यांचं पाकीट मसाल्याच्या डब्यामागे असतं. नवऱ्याला माहीत असतं, सासूला नसतं, किंवा उलट. लग्न ठरायच्या मुलीचा टीबी तर शेजारच्या आळीलाही कळू द्यायचा नसतो. आशाताई घरी आली तर लोक विचारतील म्हणून तिलाच ‘येऊ नका’ सांगतात. सार्वजनिक संडास असेल तर केशरी लघवीचीसुद्धा धास्ती. घरात सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं म्हणून जे उरेल ते पानात. संततिनियमनाच्या गोळ्या घेत असेल तर रिफाम्पिसिनमुळे त्यांचा परिणाम कमी होतो, हे सांगायचं पुष्कळदा राहून जातं. दिवस राहिले की घरचे म्हणतात, आता या कडक गोळ्या बंद कर. वास्तविक नेहमीच्या उपचारातली ही चारही औषधं गरोदरपणात देता येतात आणि आईचा टीबी अर्धवट राहणं हाच बाळाला मोठा धोका असतो.

आणि एक गोष्ट आपल्याकडच्या सगळ्या आयाबायांना माहीत आहे, पण नोंदवहीला माहीत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी जाते ती बाळ दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर परतते. दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात, चार-पाच महिने. या मुक्कामाला स्थलांतर कुणी म्हणत नाही. पण गोळ्यांच्या दृष्टीनं ते ऊसतोडीला जाण्याइतकंच लांबचं आहे.

म्हाताऱ्यांचंही तसंच. शेताची वाटणी झाली की आई-वडिलांचीही होते: दोन महिने थोरल्याकडे, दोन महिने धाकट्याकडे. थोरल्या सुनेनं लावलेली गोळ्यांची शिस्त धाकट्याच्या घरी पोचेलच असं नाही. त्यात मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू. रिफाम्पिसिन मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोर कमी करतं, साखर वाढते, अशक्तपणा येतो आणि दोष पुन्हा टीबीच्या औषधावर जातो. लहान मुलांचं त्या मानानं सोपं: पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या आहेत आणि देणारं माणूस बहुधा ठाम असतं. त्यांचा खाडा पडतो तो आई-बाप कामावर निघाले की.

रायगड-पालघरची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. तेही सहा-सात महिनेच. म्हणजे ऊस, वीटभट्टी, माहेर, वाटणी. चौघांच्या कहाण्या वेगळ्या, पण नोंदवहीतला फसणारा रकाना एकच: पत्ता. तो आजचा असतो, आणि उपचार पुढच्या सहा महिन्यांचा.

त्या रकान्याच्या जोडीला मी एक प्रश्न घालीन: ‘पुढचे सहा महिने कुठे कुठे असाल?’ उत्तर मिळालं की कामाला लागता येतं. निक्षय या सरकारी संगणकीय नोंदणीत प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र क्रमांक मिळतो. तो क्रमांक असला तर दुसऱ्या तालुक्यातल्या, दुसऱ्या राज्यातल्या केंद्राकडे रुग्ण वर्ग करता येतो. कारखाना कोल्हापूरचा असो की कर्नाटकातला, गाव सोडण्याआधी हे झालं तर तिथल्या आशाताईला टोळी कुठे उतरली ते कळू शकतं. बहुतेकदा रुग्ण वर्ग होतो तो निघून गेल्यावर, पर्यवेक्षकानं फोन लावला आणि तो बंद लागला तेव्हा. टोळ्यांच्या याद्या मुकादमाकडे आणि कारखान्याच्या शेतकी खात्याकडे असतात. कुठल्या गावच्या किती कोयत्यांशी करार झालाय हे त्यांना सप्टेंबरातच ठाऊक असतं. उचल वसूल करायला जी यादी कामी येते, ती गोळ्या पोचवायलाही येईल. रुग्णाचं नाव मुकादमाला कळू न देता हे कसं करायचं, एवढा विचार मात्र आधी करावा लागेल, कारण टीबी आहे म्हटल्यावर काम नाकारलं जाऊ शकतं.

फोनवरून लक्ष ठेवायच्या युक्त्याही निघाल्या आहेत. गोळी काढली की पाकिटावर लपलेला क्रमांक दिसतो, त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. नाहीतर अशी डबी, की जिचं झाकण उघडल्याची नोंद होते. चांगल्या आहेत, पण घरात एकच फोन असेल तर तो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात असतो. बाईनं गोळी घेतली तरी कॉल जात नाही आणि नोंदीत खाडा दिसतो. उलट कॉल गेला म्हणजे गोळी पोटात गेलीच असंही नाही. शेवटी कुणीतरी माणूस लागतो. त्याला ‘उपचार सहायक’ म्हणतात: आशाताई, किराणा दुकानदार, आधी टीबीतून बरा झालेला शेजारी. टोळीतलाच एखादा भरवशाचा माणूस हे काम करू शकतो.

पैशांचा प्रश्न सगळ्यांत खालच्या थरात आहे. निक्षय पोषण योजनेत एप्रिल 2018 पासून रुग्णाच्या खात्यात महिन्याला 500 रुपये जमा होत, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. खातं हवं, आधार जोडलेलं हवं. ज्यांना या पैशांची गरज सर्वांत जास्त, त्यांचीच कागदपत्रं सर्वांत अपुरी. अन्नाचं महत्त्व किती, ते झारखंडमध्ये 2019 ते 2022 दरम्यान झालेल्या ‘राशन्स’ या मोठ्या अभ्यासात पुन्हा दिसलं. अनुराग आणि माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार जिल्ह्यांतल्या 2800 रुग्णांना उपचाराबरोबर दरमहा दहा किलोची शिधापिशवी दिली: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं त्यांच्यातले मृत्यू पुष्कळ कमी झाले. ज्या कुटुंबांतल्या सगळ्यांना शिधा मिळाला, त्या घरांत नव्यानं टीबी होण्याचं प्रमाणही घटलं. मद्रासच्या प्रयोगात कमी जेवणावरही गोळ्या लागू पडल्या होत्या, हे खरं. पण रिकाम्या पोटी मळमळणारा माणूस त्या गोळ्या 168 दिवस घेत राहील का, हा वेगळा प्रश्न आहे.

आणि सगळे खाडे रुग्णाचे नसतात. 2024 च्या सुरुवातीला देशात अनेक ठिकाणी टीबीच्या गोळ्यांचा तुटवडा जाणवला आणि राज्यांनी स्थानिक पातळीवर खरेदी करावी, असं केंद्र सरकारला मार्चमध्ये कळवावं लागलं. महिन्याच्या गोळ्यांऐवजी आठवड्याच्याच मिळाल्या तर मजुराच्या चार फेऱ्या होतात, म्हणजे चार दिवसांची मजुरी जाते. अशा वेळी ज्याचं घर केंद्राजवळ आणि नोकरी पगारी, त्याचा उपचार टिकतो. मग अहवालात दिसतं, की अमुक गटात सातत्य कमी.

खाडा पडलाच तर काय करायचं, हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं. दुसऱ्या दिवशी दुप्पट गोळ्या घ्यायच्या नाहीत. नेहमीचा डोस घ्यायचा आणि केंद्रावर कळवायचं. राहिलेले डोस पुढे घेऊन 168 पूर्ण करायचे. बरेच दिवस गेले असतील तर डॉक्टर पुन्हा बेडका तपासतात, औषधांना जंतू दाद देतो का ते बघतात. चार दिवस चुकले म्हणून लाजेनं तोंड लपवणारा माणूस चाळीस दिवस चुकवतो. केंद्रावर त्याला ओरडा बसणार नाही याची खात्री हवी. दंड कापणारी वही त्याच्या आयुष्यात आधीच एक आहे. आपला दवाखाना सापडत नसेल तर निक्षयचा 1800-11-6666 हा फुकट क्रमांक आहे. तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा.

तर समजा, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा आहे. बीडच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बेचाळीस किलोची एक बाई बसलीय. रोज तीन गोळ्या. टोळी आठ दिवसांत निघणार. तिच्या हाती पुरेशी पाकिटं, कारखान्याजवळच्या केंद्राचं नाव आणि तिथल्या आशाताईचा फोन. निक्षयवर ती आत्ताच तिकडे वर्ग झालीय. तिचा नवरा शेजारी बसून ऐकतोय, की डोस पहाटेऐवजी रात्री भाकरीच्या तासभर आधी घ्यायचा, कारण पहाटे फडात उलटी झाली तर सांभाळायला कुणी नाही. दोन महिन्यांनी बेडका तिकडेच तपासायचा. पाडव्याला परत आल्यावर शेवटची तपासणी इथे. त्यानंतरही काम संपत नाही. रोग उलटला नाही ना, हे पाहायला दोन वर्षं दर सहा महिन्यांनी बोलावतात. त्यातली पहिली फेरी पुन्हा ऑक्टोबरातच येते. टोळी निघायच्या आत तिला बोलावून घ्यायला हवं.